ओरखडा जातो तेव्हा नेमकं काय जातं?

महागड्या घड्याळाच्या सर्व्हिसिंगचं एस्टिमेट हातात आलं की बहुतेकांची नजर थेट खालच्या आकड्यावर जाते. मधल्या ओळी कुणी वाचत नाही. ऑइलिंग, गॅस्केट, प्रेशर टेस्ट यांच्या रांगेत तिथे एक ओळ बसलेली असते: केस आणि ब्रेसलेट रिफिनिशिंग, समाविष्ट. म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच आणि धातूचा पट्टा यांना पुन्हा पॉलिश. समाविष्ट म्हणजे फुकट, असं आपण धरून चालतो. काही आठवड्यांनी घड्याळ परत येतं ते दुकानाच्या काचेतून उचलल्यासारखं झगझगीत, आणि सर्व्हिस चांगली झाली असा निष्कर्ष त्या झगमगाटावरून काढला जातो. आत मशीनचं काय केलं ते दिसत नाही, बाहेरची चमक दिसते.

आमचा आक्षेप त्या एका ओळीला आहे. ती आपोआप छापलेली असू नये. ग्राहकाने वेगळी सही केल्याशिवाय घड्याळाच्या धातूला कुणी हात लावू नये. लावलाच तर कुठे, कसा आणि किती, याची लेखी नोंद घड्याळासोबत परत यावी.

गोंधळाचं मूळ ‘पॉलिश’ या शब्दात आहे. फर्निचरला पॉलिश मारलं की लाकडावर थर चढतो. बुटाला केलं की मेण चढतं. पूर्वी वाड्याच्या चौकात कल्हईवाला भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर काढत पितळी पातेल्यांना कथलाचा थर द्यायचा. पातेलं घरात परत जायचं ते कणभर जड होऊनच. चकाकी म्हणजे काहीतरी चढवलेलं, ही समजूत तेव्हापासून आपल्या अंगात मुरली आहे. घड्याळाच्या पॉलिशमध्ये काहीच चढत नाही. उतरतं.

ओरखडा हा धातूत पडलेला बारीक चर. तो बुजवायला बाहेरून माती आणत नाहीत. चराच्या तळापर्यंत सगळं शेतच खाली उतरवतात. म्हणून ‘फक्त हा एक ओरखडा काढा’ या विनंतीला अर्थ नाही. तेवढीच जागा घासली तर तिथे खळगा दिसेल, आणि आरशासारख्या पृष्ठभागावर खळगा ओरखड्यापेक्षा वाईट दिसतो. एका ओरखड्यासाठी ती अख्खी बाजू घासावी लागते, आणि दोन्ही अंगं सारखी दिसावीत म्हणून समोरचीही. केसांसारखे बारीक ओरखडे काही मायक्रॉन खोल असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, त्या मानाने हे काहीच नाही. पण ज्या ओरखड्यात नख अडकतं, तो काढायचा तर हिशेब मिलिमीटरच्या दशांशात जाऊ लागतो. घड्याळाच्या कडेला जी बारीक तिरकी पट्टी असते, तिची रुंदीच कधीकधी अर्धा मिलिमीटर. तिथला दशांश म्हणजे पट्टीचा पाचवा हिस्सा.

पुण्यात घड्याळांवर ओरखडे लवकर पडतात याचं नवल नको. केसचं ३१६एल जातीचं स्टील कठीणपणाच्या विकर्स मापात दीडशे ते दोनशेच्या आसपास, म्हणजे धातूंच्या जगात मऊच. महाग घड्याळात येणारं ९०४एल कठीण असतं हा गैरसमज आहे; त्याचा गुण गंज न धरण्यात आहे, ओरखडे तेही तितकेच धरतं. उलट आपल्या हवेत बांधकामांची आणि खडी-क्रशची धूळ. काळ्या कातळातली फेल्डस्पार कठीणपणाच्या दुसऱ्या, मोह्स मापात ६, नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ ७, आणि दोन्ही स्टीलपेक्षा कठीण. धुळकट शर्टाच्या बाहीने घड्याळ पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. आयटीतल्या लोकांच्या घड्याळाच्या पट्ट्याचा चाप सगळ्यात आधी खराब होतो, कारण तो दिवसभर लॅपटॉपच्या कडेवर घासतो. त्या ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइज थर स्टीलपेक्षा कितीतरी कडक असतो. मुद्दा इतकाच, की पॉलिश करून घरी आणलेलं घड्याळ महिन्याभरात पुन्हा ओरखडतं. उतरलेला धातू मात्र परत येत नाही.

नीट केलेलं काम कसं असतं हे आधी सांगायला हवं, म्हणजे ‘दहा मिनिटांत बफ मारून देतो’ याचा अर्थ लागेल. घड्याळ आल्यावर दहापट भिंगाखाली फोटो काढतात, चाल तपासतात, पाणी अडवतं का ते पाहतात. मग पट्टा सुटतो, मागचं झाकण उघडतं, चावी काढून मशीन, तबकडी, काटे सगळं बाहेर येतं आणि झाकलेल्या डबीत जातं. काच प्रेसने निघते. बेझल, म्हणजे काचेभोवतीची कड, सुटी होत असेल तर होते. चावीची नळी आणि बटणं काढतात. शेवटी हातात उरते ती नुसती धातूची पोकळ केस. ती कोमट साबणी द्रावणात अल्ट्रासॉनिकने धुतात, कारण वर्षानुवर्षांचा घाम आणि साबण कोपऱ्यांत दगड होऊन बसलेला असतो. गंमत म्हणजे निम्मी घड्याळं एवढ्यावरच नवी दिसायला लागतात. ज्याला लोक ओरखडे समजत होते तो मळ असतो.

यानंतरचं काम हाताइतकंच डोळ्यांचं. कुठली बाजू आरसा आहे, कुठली ब्रश केलेली, ब्रशच्या रेषा लांबीच्या दिशेने आहेत की मध्यातून सूर्यकिरणांसारख्या फाकल्या आहेत, त्या किती जाड आहेत, याचा नकाशा आधी तयार हवा. खोल पोचा असेल तर जाणकार तो घासून काढत नाही. आर्गॉन वायूच्या आवरणात लेझर वेल्डिंगने त्याच जातीच्या स्टीलची बारीक तार वितळवून खड्डा भरतो आणि मग वरचा उंचवटा सपाट करतो. अख्ख्या प्रकारात धातू चढवण्याची वेळ येते ती एवढीच. सपाट बाजू कापडी चाकावर धरत नाहीत. त्यासाठी लॅपिंगची यंत्रं असतात, फिरणाऱ्या सपाट चकतीवर केस ठरलेल्या कोनात टेकवणारी. जपानी घड्याळांच्या जाहिरातीत ‘झाराट्सू’ असा भारदस्त शब्द येतो तो याच कामासाठी, आणि तो मुळात सालाझ या यंत्राच्या नावाचा जपानी उच्चार आहे. मग कापडी किंवा फेल्टचं चाक: आधी कापणारी पेस्ट, नंतर चमक आणणारी, प्रत्येक पेस्टला वेगळं चाक. एकाची भुकटी दुसऱ्यावर गेली की आरशावर धुरकट रेघा उठतात. आरसा झाला की त्यावर उष्णता सोसणारी पातळ चिकटपट्टी लावून झाकतात आणि सगळ्यात शेवटी ब्रशच्या रेषा ओढतात, एकाच दिशेने, एका दमात. मध्येच हात थांबला की तिथे पट्टा उमटतो. पुन्हा धुणं, नवे गॅस्केट, जोडणी, प्रेशर टेस्ट.

हे काम घड्याळजीचं नव्हे. ज्याचा हात केसाएवढ्या स्प्रिंगवर चालतो त्याचाच बफच्या चाकावर चालेल असं नाही. स्वित्झर्लंडच्या कारखान्यांत पॉलिश करणारे कारागीर वेगळे असतात, त्यांचं शिक्षणही वेगळं. आपल्याकडे बरेचदा दोन्ही एकाच टेबलावर होतं, नाहीतर केस शेजारच्या दागिने चमकवणाऱ्याकडे जाते. त्याचा हात उत्तम असतो, पण गोलाईवर. अंगठीला कडा जपायची नसते.

बिघडतं ते कडेवरच. कापडी चाक मऊ असतं, दाबलं की वाकतं आणि कडेवरून पलीकडे लवतं. सपाट भागावर दाब पसरतो, कडेवर तो एका रेषेत एकवटतो. त्यामुळे ओरखडे असतात मैदानात आणि धातू जातो धारेवरून. पट्टा अडकवण्याचे चार पाय, ज्यांना लग म्हणतात, त्यांच्यावरची तिरकी पट्टी आधी अरुंद होते, मग टोकाशी विरते, मग दोन बाजू साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या एकमेकींत मिसळून जातात. लगला आरपार भोक असेल तर चाक भोकाच्या एका ओठाला चावतं आणि गोल भोकाचा थेंब होतो. सेकंडहँड घड्याळ घेताना भिंगातून आधी हेच पाहावं. खोटं बोलायला फार कठीण जागा आहे ती. चारही लग वरून पाहिले तर सारख्या जाडीचे आहेत का, मागच्या झाकणावरची अक्षरं खोल आहेत की नुसती छाया उरली आहे, ब्रशच्या रेषा कडेशी कापल्यासारख्या थांबतात की वळून पलीकडे सांडतात, हे नंतर.

जेराल्ड जेंटा या डिझायनरने आखलेलं, १९७२ साली बाजारात आलेलं रॉयल ओक हे घड्याळ डोळ्यांपुढे आणा. अष्टकोनी बेझल, आठ षटकोनी स्क्रू, वर ब्रशच्या सरळ रेषा आणि त्यांना लागून आरशाची तिरकी कड. त्या घड्याळात हिरे नाहीत, स्टील आहे; पैसे मोजले जातात ते त्या दोन पृष्ठभागांमधल्या रेषेचे. ती रेषा बोथट झाली की राहतं ते एक महागडं अष्टकोनी भांडं. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या घागरीवर मठारकामाचे ठोके पडतात. ते ठोके म्हणजे खड्डे आहेत, घागर गुळगुळीत करून द्या, असं कुणी म्हणत नाही. घड्याळाच्या बाबतीत आपण नेमकं तेच म्हणतो आणि वर आनंदाने सही करतो. सहीसुद्धा नाही, नुसती मान डोलावतो.

दिसणाऱ्या नुकसानीपेक्षा न दिसणारं वाईट. घाईच्या कामात मशीन आतच ठेवून केस चाकावर धरतात. चाकाच्या घर्षणाने केस हात भाजेल इतकी तापते, पेस्टची भुकटी चावीच्या नळीतून आत शिरते, मोटारजवळ हेअरस्प्रिंगला, म्हणजे चाल ठरवणाऱ्या केसाएवढ्या स्प्रिंगला, चुंबकत्व लागतं आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. मालक म्हणतो, पॉलिशच्या आधी बरं होतं. काच न काढता पॉलिश केलं तर तिच्या खाचेत पेस्ट साचते. मागच्या झाकणाचं गॅस्केट ज्या पट्टीवर बसतं तिथे ‘जरा हात फिरवला’ तर पाणी अडवणं संपलं. झाकणावर १०० मीटर लिहिलेलं असतं, आणि पहिल्या वळवाच्या पावसात काचेखाली वाफ धरते. परतीच्या वेळी प्रेशर टेस्टचा कागद मागावा, तो त्यासाठी. यंत्र नसेल तिथे साधी परीक्षाही चालते: घड्याळ चाळीसेक अंशांवर गरम करायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवून मिनिटभराने पुसायचा. आतून धुकं धरलं तर ओलावा आत पोचलेला आहे. पाणीरोधक घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा ही वाफेची परीक्षा आहे.

ब्रेसलेटच्या कड्या ढिल्या झाल्या की लोक पॉलिशने त्या घट्ट होतील अशी आशा धरतात. ढिलेपणा पिना आणि त्यांच्या भोकांच्या झिजेतून येतो. पॉलिशची पेस्ट मध्ये राहिली तर ती घामात कालवून वाळू होते आणि झीज आणखी वाढवते.

सोन्याच्या घड्याळाची गोष्ट वेगळी करायला हवी, कारण तिथे जे उतरतं त्याला बाजारात भाव आहे. अठरा कॅरेट म्हणजे पाऊण भाग सोनं. केसचा बाहेरचा पृष्ठभाग पंधरा चौरस सेंटिमीटर धरला आणि सरासरी २० मायक्रॉन उतरले असं मानलं, तर मिश्रधातूची घट साधारण ०.४५ ग्रॅम येते, त्यातलं शुद्ध सोनं एक तृतीयांश ग्रॅम. सोन्याचं ब्रेसलेट असेल तर हिशेब काही पटींनी वाढतो. सोनारकामात घट हा रोजचा शब्द आहे. दागिना घडवायला देताना आणि घेताना वजन लिहिलं जातं, त्यावर वाद होतात, आणि पेठेतल्या सोनारांच्या दुकानासमोरची धूळ-राख धुऊन सोनं काढणारे झारेकरी या एका गोष्टीवर पिढ्यान् पिढ्या जगले. त्याच शहरात कित्येक लाखांचं सोन्याचं घड्याळ वजन न करता चाकावर जातं. सोन्या मारुती चौकात पाटली दुरुस्तीला देणारी बाई जे विचारते, ते घड्याळवाला का विचारत नाही? शिवाय लगच्या मागे ७५०चा बारीक शिक्का असतो. पॉलिशमध्ये तो गेला की विकताना आणखी एक प्रश्न उभा राहतो.

काही घड्याळांना चाक लावणं हा सरळ गुन्हाच समजावा. झाकणावर किंवा लगमागे ‘२० मायक्रॉन’ असं छापलेलं असेल तर तो सोन्याचा मुलामा आहे, आणि कडेवर तो आधीच निम्मा झिजलेला असतो. एक फेरी, की खालचा पिवळट पांढरा धातू उघडा. आजोबांच्या जुन्या घड्याळाच्या पाठीवर नुसतं ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असतं. तेव्हा स्टील फक्त पाठीला आहे, बाकी बहुधा पितळेवर क्रोम, असं समजून चालावं. काळ्या पीव्हीडी किंवा डीएलसी लेपाला पॉलिश नाही. पृष्ठभाग कडक केलेलं स्टील आणि टायटॅनियमही तसंच. कडक थर पातळ असतो, तो गेला की आतला मऊ धातू राहतो. साधं टायटॅनियम चाकाला चिकटतं आणि त्याची भुकटी पेट घेऊ शकते. सिरॅमिकवर ओरखडा सहसा पडत नाही, पण घड्याळ खाली आपटलं तर ते फुटू शकतं.

काचेचा प्रश्न यापेक्षा सोपा. ॲक्रेलिक असेल, जशी जुन्या एचएमटीला असते, तर घरी बसून सुती कापड आणि प्लॅस्टिक पॉलिशच्या पेस्टने पाच-दहा मिनिटांत बारीक ओरखडे जातात. मात्र बेझलच्या धातूला चिकटपट्टी लावून. मिनरल काच घासण्यात वेळ घालवू नये, नवी बसवणं स्वस्त. सफायर क्वचितच ओरखडते. तिच्यावर दिसतात ते बहुतेकदा बाहेरच्या परावर्तनरोधक लेपावरचे. तो लेप गेला तर घड्याळाचं काही बिघडत नाही, फक्त उजेडात काच चमकते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, घड्याळ माझं, पैसे माझे, मला ओरखडे बघवत नाहीत. मध्ये तुम्ही कोण? बरोबर आहे. रोजच्या वापराचं, विकायचा विचार नसलेलं, साधं सपाट आरशाचं घड्याळ आयुष्यात एक-दोनदा नीट हातातून गेलं तर काही आकाश कोसळत नाही. चापाच्या पट्टीवर तर खुशाल करावं, तो भाग बदलताही येतो. काही दुरुस्त्या आवश्यकच असतात: चापाची वर आलेली धार शर्टाची बाही कापते, चावीजवळ पोचा आला की नळी वाकते, घामाने गॅस्केटच्या खाचेत खड्डे पडतात. तिथे ‘मूळ स्थिती’ची पूजा करत बसणं मूर्खपणा. सर्व्हिस सेंटरांचीही एक बाजू आहे. पॉलिश न करता घड्याळ परत दिलं तर ‘एवढे पैसे घेतले आणि साधं चमकवलंही नाही’ म्हणून भांडणारे ग्राहक त्यांना रोज भेटतात. न विचारता पॉलिश करणं हा त्यांच्यापुरता भांडण टाळण्याचा मार्ग.

आणि ‘अनपॉलिश्ड’ या शब्दाभोवती जमलेल्या भक्तमंडळींचाही वेगळा समाचार घ्यायला हवा. संग्राहकांच्या बाजारात हात न लागलेल्या केसला जास्त किंमत येते हे खरं. हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. त्याच्या मागच्या झाकणावर पत्नीने कोरून घेतलेले तीन शब्द आहेत, आणि ते वाचता येतात. एका हौशी पॉलिशवाल्याने त्यांचं काय केलं असतं याचा विचारही करवत नाही. पण म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या, लाखोंनी बनलेल्या घड्याळावरचा प्रत्येक ओरखडा इतिहास होत नाही. आता तर पॉलिश केलेली घड्याळंही ‘अनपॉलिश्ड’ म्हणून विकली जातात, आणि झीज लपवायला चमकेइतकं चांगलं पांघरूण नाही. ही फसवणूक चालते, कारण घड्याळासोबत कसलीही नोंद नसते. गाडीला सर्व्हिस हिस्टरी विचारतो आपण. गाडीपेक्षा महाग घड्याळाला विचारत नाही.

इथे हा प्रश्न खाजगी राहत नाही. मेकॅनिकल घड्याळाचं पूर्ण सर्व्हिसिंग पाच ते दहा वर्षांनी येतं. दरवेळी रिफिनिशिंग ‘समाविष्ट’ असेल तर बापाकडून मुलीकडे जाणारं घड्याळ तीस वर्षांत तीन ते सहा वेळा चाकावर जातं, आणि त्यातलं एकही पॉलिश कुणी मागितलेलं नसतं. स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या एफ्टा या युरोपीय देशांच्या गटाशी भारताचा झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार. विमाननगरच्या मॉलपासून लक्ष्मी रोडपर्यंत अशी घड्याळं वाढतील आणि काही वर्षांनी ती सगळी सर्व्हिसिंगच्या काउंटरवर येतील. नियम आत्ताच हवेत.

कायदा अगदीच हात वर करून उभा नाही. दुरुस्तीला दिलेली वस्तू ही विश्वासाने सोपवलेली वस्तू. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, की ती घेणाऱ्याने स्वतःच्या तशाच वस्तूची शहाणा माणूस घेईल तेवढी काळजी घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणंही बसतं. धातू कायमचा जाणार आहे, ही माहिती महत्त्वाची नाही तर कुठली? याच कायद्याने तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कंपनीचं सेंटर मुंबईत असलं तरी पुण्याच्या ग्राहकाला पुण्याच्या आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षं. अडचण पुराव्याची. आधीची स्थिती कशी होती हे दाखवणारा कागद ग्राहकाकडे नसतो आणि दुकानाच्या पावतीवर लिहिलेलं असतं, ‘ओरखडे आहेत’. एवढं वाक्य फक्त दुकानाला वाचवतं.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. घड्याळं त्यात नाहीत. श्रीमंतांचा छंद म्हणून सोडली असतील, पण परिणाम फक्त श्रीमंतांवर होत नाही. बड्या ब्रँडचे सुटे भाग बाहेरच्या घड्याळजीला मिळत नाहीत, म्हणून साधं गॅस्केट किंवा चावी बदलायलाही ग्राहकाला कंपनीच्या दारात जावं लागतं, आणि तिथे थाळीच मिळते, अ ला कार्ट नाही. बुधवारात, कॅम्पात एचएमटी आणि स्विस मशीनवर हात बसलेले कारागीर आहेत. त्यांना भाग मिळाले तर ‘फक्त मशीन करा, केस तशीच राहू द्या’ असं म्हणण्याचा पर्याय ग्राहकाला परत मिळेल. ही मागणी पॉलिशच्या मागणीपासून वेगळी काढता येत नाही. एकच दार असेल तर तिथली अट हीच पद्धत बनते.

म्हणून मागणी अशी. एस्टिमेटमध्ये रिफिनिशिंगची ओळ वेगळी असावी, तिच्यापुढे वेगळी किंमत आणि वेगळी सही असावी. सही नाही तर काम नाही. ‘नको’ म्हटल्यावर सर्व्हिसची वॉरंटी कमी होता कामा नये, कारण मशीनच्या वंगणाचा केसच्या चमकेशी संबंध नाही. काम केलं तर कार्डावर तारीख, कुठल्या बाजू, चाक की लॅपिंग, वेल्डिंग झालं का, आणि सोनं असेल तर आधीचं-नंतरचं वजन मिलिग्रॅमपर्यंत. बदललेले जुने भाग पाकिटात घालून परत. आणि हे सगळं मराठीतही. जुनी घड्याळं विकणाऱ्यांनी हे कार्ड दाखवावं, नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असं लिहून द्यावं. पुण्यात दुपारी एक ते चार बेल वाजवू नये याची पाटी लागते, तर विचारल्याशिवाय पॉलिश केले जात नाही, याचीही लागायला हरकत नाही. खर्च एका पाटीचा.

नियम होईपर्यंत काउंटरवर करण्याजोगं थोडं आहे. घड्याळ देण्याआधी खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा: चारही लग वरून आणि बाजूने, लगची भोकं, मागचं झाकण, चाप. सोन्याचं असेल तर वजनाची नोंद घ्या. पण वजन सुट्या केसचं हवं, म्हणून सर्व्हिस सेंटरलाच ते उघडल्यावर लिहायला सांगा. विचारा, मशीन बाहेर काढूनच केसवर काम होतं ना, आणि लॅपिंग यंत्र इथे आहे की केस बाहेर जाते. उत्तर द्यायला वेळ लागला तर तेच उत्तर. मग पावतीवर, छापील ओळीवर रेघ मारून, हाताने लिहा: ‘केस, बेझल व ब्रेसलेट यांना पॉलिश अथवा ब्रश करू नये. फक्त अल्ट्रासॉनिक धुलाई. मशीन, गॅस्केट, प्रेशर टेस्ट.’ खाली तारीख टाका, काउंटरवरच्या माणसाची सही घ्या, आणि त्या पावतीचा फोटो त्याच्यासमोरच काढा.